दुसऱ्या भागातली शहरजाद

गेले काही महिने आमच्या घरात एका इंग्रजी पुस्तकावर बोलणं चालू आहे. पुस्तक तरुण मुलामुलींसाठी लिहिलेलं आहे. त्यात जादू आहे, उडती चटई आहे, तलवारी आहेत आणि प्रेम तर भरपूर आहे. त्यातही हा गोष्टीचा दुसरा भाग. चाळिशी ओलांडलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या, घरी शिकवण्या घेणाऱ्या बाईने असलं पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून का वाचावं, असं बहिणींना वाटेल. आमच्या घरातल्यांनाही वाटलं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझी थोरली लेक सोळा वर्षांची. यंदा तिने दहावीची परीक्षा दिली. ती इंग्रजी माध्यमात शिकते, घरी आमच्याशी दखनी बोलते, गल्लीत मराठी, आणि शेजारच्या पद्मशाली कुटुंबात गेली की चार शब्द तेलुगूही बोलते. सोलापुरातली बहुतेक मुलं अशीच वाढतात. वाचायचं वेड तिला तिच्या दादांकडून आलं. सासरे जुन्या गिरणीत कामाला होते, पण रोज रात्री उर्दू दास्तान वाचल्याशिवाय झोपत नसत. मैत्रिणीकडून आणलेला या गोष्टीचा पहिला भाग लेकीने दोन दिवसांत संपवला आणि दुसऱ्या भागासाठी मागे लागली. गेल्या ईदची ईदी तिने जपून ठेवली होती. "माझ्या पैशांतून घेते ना," असं तिचं म्हणणं होतं. तिचे अब्बू म्हणाले, "पैशाचा प्रश्न नाही, आत काय आहे ते तुझी अम्मी आधी बघेल." झालं, काम माझ्या गळ्यात पडलं. मी पहिला भाग वाचला आणि दुसरा मागवायला हो म्हटलं. तो आला तेव्हा परीक्षा दीड महिन्यावर होती. म्हणून तो कपाटात गेला. लेक अभ्यासाला बसली की मी तो वाचत असे.

पहिल्या भागाचं नाव 'द रॅथ अँड द डॉन', म्हणजे कोप आणि पहाट. तो २०१५ साली आला. दुसरा 'द रोझ अँड द डॅगर', म्हणजे गुलाब आणि खंजीर, २०१६ साली. लेखिका रेने अहदिये अमेरिकेत राहतात. त्यांची आई कोरियन, लहानपणीची काही वर्षं दक्षिण कोरियात गेली, आणि पती इराणी वंशाचे. गोष्टीचा पाया मात्र आपल्या ओळखीचा आहे. तो आहे अलिफ लैला. रोज रात्री एका मुलीशी निकाह करून पहाटे तिला मारणारा बादशाह आणि गोष्टी सांगून स्वतःचा जीव वाचवणारी शहरजाद.

या पुस्तकातला खालिद हा खोरासानचा अठरा वर्षांचा खलीफा. राजधानीचं शहर रे. हे शहर खरोखरचं आहे, आजच्या तेहरानला लागून. शहरजाद सोळा वर्षांची. तिची जिवलग मैत्रीण शिवा या खलीफाच्या हुकमाने मारली गेलेली असते. सूड घ्यायचा म्हणून शहरजाद स्वतःहून त्याची बेगम व्हायला पुढे होते. पहिल्या रात्री गोष्ट सांगते, पहाटेपर्यंत अर्धीच ठेवते आणि जगते. पुढे तिला कळतं की त्याच्यावर एक शाप आहे. त्याच्या पहिल्या बायकोने जीव दिला. तिच्या बापाने शाप दिला की एका जिवाच्या बदल्यात शंभर जीव, रोज पहाटे एक. एक पहाट जरी चुकली तरी सगळं शहर उद्ध्वस्त होईल. म्हणजे तो हौसेने मारत नव्हता, शहर वाचवायला मारत होता. हे कळेपर्यंत शहरजादचं त्याच्यावर प्रेम बसलेलं असतं.

माझ्या मनात पहिली शंका इथे आली. जादू आणि जिन्न यांची मला भीती वाटली नाही. ज्या घरात हातिमताई आणि अमीर हमजा वाचले गेले, तिथे उडत्या चटईने कोणाचा ईमान हलत नाही. मला खुपलं ते दुसरंच. पुरुष वाईट वागतो, पण त्याच्या आत काहीतरी दुःख आहे; बाईने पुरेसं प्रेम केलं, पुरेसा सब्र केला, की आतला चांगला माणूस बाहेर येतो. ही गोष्ट आपल्या मुलींना सांगायला इंग्रजी पुस्तकाची गरज नाही. आपण घराघरांतून ती पिढ्यान्पिढ्या सांगत आलो आहोत. सोळा वर्षांच्या मुलीने ती पुन्हा एकदा, इतक्या सुंदर पोशाखात का ऐकावी?

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नव्हता. त्याच दिवसांत आमच्या खालाची नात माहेरी आली होती. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मुलगा कमावता, नमाजी, दिसायला चांगला. हात मात्र उचलायचा. दुसऱ्या दिवशी रडायचा, पाय धरायचा, बांगड्या आणि मिठाई आणायचा. दोन महिने बरे जायचे, मग पुन्हा तेच. या वेळी दंडावरचे वळ घेऊन ती एस.टी.ने एकटी आली. घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं एकच, "लडका दिल का बुरा नै. लेकरं झाली की सुधारेल." तिच्याशी बोलताना मला जाणवलं की तिचाही यावर निम्मा विश्वास आहे. "खाला, बाद में इत्ता रोतें वो," ती मला सांगत होती. त्या रडण्यावर तिने दोन वर्षं काढली होती.

अशा मनःस्थितीत मी दुसरा भाग उघडला.

पुढचा भाग कधी येईल म्हणून तळमळणं आपल्याकडे नवीन नाही. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे खंड निघू लागले. पहिले चार मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. अमीर हमजाची सगळी दास्तान मिळून तब्बल शेहेचाळीस खंड झाले. सासरे म्हणायचे, एक खंड वाचणाऱ्याला दुसऱ्याची वाट बघत जगावं लागतं. मराठीतही ही आवड जुनी आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या. त्याच सुमाराला, १८६१ साली, 'मुक्तामाला' आली आणि १८६८ साली 'मंजुघोषा'. या मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या, आणि दोन्ही अद्भुत प्रेमकथा. तेव्हाही शहाण्या माणसांनी तरुणांच्या वाचनाची काळजी केलीच असणार.

अलिफ लैला तर त्याहून कितीतरी जुनी. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अन-नदीमने आपल्या ग्रंथसूचीत 'हजार अफसान' या फारसी पुस्तकाची नोंद करताना हीच बादशाह आणि शहरजादची हकिकत सांगितली आहे. पुढे १७०४ पासून आंत्वान गालां याने ती फ्रेंचमध्ये नेली. त्यात अलादीन आणि अलिबाबा या गोष्टी घातल्या, त्या त्याला हलबच्या हन्ना दियाब नावाच्या माणसाने सांगितल्या होत्या. इतक्या देशांतून, इतक्या जिभांवरून आलेली ही गोष्ट. पण तिला खरा दुसरा भाग कधीच नव्हता. अनेक प्रतींत शेवट असा आहे: हजार रात्रींनंतर शहरजाद आपली तीन मुलं बादशाहपुढे उभी करते, आणि बादशाह म्हणतो, मी तुला आधीच माफ केलं होतं. हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. या वेळी मात्र मनात आलं, त्याने तिला कशाची माफी दिली? तिचा गुन्हा काय होता? आणि ज्या मुली मारल्या गेल्या त्यांच्या वतीने त्याला माफी कोणी दिली? मूळ गोष्टीत हे कोणी विचारतच नाही. गोष्ट संपते, सगळे सुखी होतात.

'द रोझ अँड द डॅगर' इथूनच सुरू होतं. शहरजाद आता महालात नाही. पहिल्या भागाच्या शेवटी वादळात रे शहर उद्ध्वस्त झालेलं आहे. तिचा बालपणीचा मित्र तारिक तिला तिथून घेऊन गेला आहे. ती वाळवंटात बदावींच्या तळावर राहते. तिथे तिची धाकटी बहीण इरसा आहे आणि आजारी बाप जहांदार आहे. भोवतीचे सगळे लोक तिच्या नवऱ्याविरुद्ध लढाईची तयारी करत आहेत, आणि त्या लोकांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. त्यांच्यातल्या कोणाची बहीण गेली, कोणाची भाची. शिवाही तारिकच्याच घरातली होती. ही मुलगी कोणत्या तोंडाने त्यांना सांगणार, की तो दिल का बुरा नै?

पहिल्या भागात सगळं दोघांच्या खोलीत घडतं. चिराग, रेशमी पडदे, डाळिंबं, अर्धी राहिलेली गोष्ट. दुसऱ्या भागात खोलीचं दार उघडतं आणि बाहेर उभी असलेली माणसं आत येतात. म्हणून पुष्कळ तरुण वाचकांना दुसरा भाग कमी आवडत असेल. माझ्या लेकीलाही आधी नाही आवडला. "अम्मी, इसमें दोनों साथमेंच नै रहते," अशी तिची तक्रार. मला मात्र तोच जास्त पटला. आपल्याकडे निकाहच्या दुसऱ्या दिवसापासून असंच असतं. खोलीत दोघंच असतात, पण घरात, मोहल्ल्यात, दोन्ही खानदानांत प्रत्येक गोष्टीचा हिशेब होत असतो.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला खालिद काय करतो, ते वाचून मी थांबले. त्याचं शहर पडलेलं आहे. वादळ आपल्या शापामुळेच आलं अशी त्याची समजूत आहे. तो साधे कपडे घालून, ओळख लपवून, लोकांमध्ये जातो आणि ढिगारे उपसतो. हाताला फोड येईपर्यंत दगड वाहतो. कोणाला सांगत नाही. शहरजादला तर नाहीच, ती कोसावर आहे.

याच्याशेजारी पहिल्या भागातली एक गोष्ट ठेवून पाहा. तिथे शहरजादला महालात एका जागी ठेवलेली पत्रं सापडतात. मारल्या गेलेल्या प्रत्येक मुलीच्या घरच्यांना खालिदने लिहिलेली माफीची पत्रं. एकही पाठवलेलं नाही. ती पत्रं वाचून शहरजादचं मन पाघळतं, आणि वाचणाऱ्या मुलींचंही पाघळतं. माझ्या लेकीने त्या पानावर पेन्सिलीने बदाम काढला होता, मैत्रिणीच्या पुस्तकात! मी विचार करू लागले. न पाठवलेलं माफीचं पत्र कोणाच्या कामाचं? लिहिणाऱ्याच्या. त्याचं मन हलकं होतं. त्या मुलीच्या आईला काय मिळालं? दगड वाहणं वेगळं. त्यात ज्याचं घर पडलं, त्याच्या दारातला एक दगड तरी खरोखर हलतो.

आपल्या घरांत लहानपणी शिकवलं जातं की अल्लाहचे हक्क वेगळे आणि बंद्यांचे हक्क वेगळे. नमाज चुकली तर ती अल्लाह आणि बंदा यांच्यातली बाब. पण माणसाचं नुकसान केलं असेल, कोणाला दुखावलं असेल, तर नुसत्या तौबेने भागत नाही. ज्याचा हक्क मारला त्याला तो परत द्यावा लागतो, त्याच्याकडून माफ करून घ्यावं लागतं. मक्तबमध्ये हे आम्ही तोंडपाठ म्हणत होतो. पण घरातली बाई ही त्या 'बंद्यां'त मोडते, हे मात्र कोणी उदाहरण देऊन सांगितलं नाही. उदाहरण नेहमी उधारीचं आणि शेजाऱ्याच्या भिंतीचं असायचं.

परीक्षा संपली आणि लेकीने पुस्तक ताब्यात घेतलं. ज्याला मला तीन आठवडे लागले, ते तिने उन्हाळ्याच्या दोन दुपारींत संपवलं. मी काही बोलायला गेले की कानावर हात ठेवायची, "अम्मी, नक्को सांगू ना आगे का!" तिचं वाचून झाल्यावर रात्री गच्चीवर आमच्या बैठका सुरू झाल्या. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या वर जातो, घरात भिंतीसुद्धा तापतात. पाण्याची टाकी, अंथरुणं आणि आम्ही दोघी. अब्बू पलीकडे झोपेचं सोंग घेऊन ऐकत असायचे.

मी तिला विचारलं, "शहरजादने त्याला माफ केलं, ठीक. पण शिवाच्या वतीने ती माफ करू शकते का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही. पण शापामुळे झालं ना ते? त्याच्या हातात नव्हतं."

"शाप गोष्टीत असतो. खऱ्या घरात काय असतं?"

"गुस्सा," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि तो तर त्याच्या हातात असतो."

मी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. पण तिनेही मला एक गोष्ट दाखवली. ती म्हणाली, "अम्मी, तू म्हणतेस मुली यातून शिकतील की प्रेमाने माणूस बदलतो. पण दुसऱ्या भागात शहरजाद त्याला बदलायला बसलीच नाहीये. ती स्वतःच उडायला शिकते, शाप तोडायला स्वतः मूसाकडे जाते. तो त्याचं काम करतो, ती तिचं करते." हे खरं होतं. शहरजाद तळावर बसून रडत नाही. चटईवरून रात्री उडून जाते, आगीच्या मंदिरातल्या मूसाकडे आपल्यातली जादू ओळखायला जाते. तिथला अर्तान नावाचा तोंडाळ मुलगा तिला चिडवतो, शिकवतोही. ते दोघं वेगवेगळे राहतात आणि त्या काळात दोघंही मोठे होतात. मला आधी ते फक्त विरहाचं लांबण वाटलं होतं. लेकीला त्यात रस्ता दिसला.

खालाच्या घरी बैठक ठरली ती याच सुमारास. मुलाकडचे चार लोक आले होते. चहा झाला, बिस्किटं झाली. त्यांच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "मुलाला पश्चात्ताप झालाय, तो माफी मागायला तयार आहे." सगळ्यांच्या माना हलल्या. बायका आतल्या खोलीत होतो, दार उघडं होतं. मी आतूनच विचारलं, "भाईसाब, माफी त्याने याआधीही मागितली. माफी मागितल्यावर त्याने काय केलं, ते सांगा."

बाहेर शांतता झाली. प्रश्न कठीण नव्हता, पण कोणी तो आधी विचारला नव्हता. खालाची नात माझ्या शेजारीच बसली होती. ती उठून दारात गेली आणि स्वतः बोलली. आवाज कापत होता, पण शब्द सरळ होते. सध्या ती जाणार नाही. तिचे दागिने तिच्याकडे परत येतील. अर्धवट राहिलेलं बी.कॉम. ती पूर्ण करेल. मुलाने समुपदेशकाकडे जावं आणि सहा महिने तिच्या घरी येऊन, सगळ्यांसमोर, नीट वागून दाखवावं. मग ती ठरवेल. तिच्या मामांनी शांतपणे एक गोष्ट जोडली: २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, त्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, आणि गरज पडली तर आम्ही तिकडे जाऊ. मी हे लिहीपर्यंत दागिने आले आहेत. मुलगा समुपदेशकाकडे दोनदा गेला, तिसऱ्यांदा गेला नाही. पुढे काय होईल माहीत नाही. ती मात्र सकाळी कॉलेजला जाते, दुपारी टॉवेलच्या कारखान्याच्या कार्यालयात बिलं करते.

हे सगळं एका कादंबरीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण नेमका प्रश्न नेमक्या वेळी तोंडात यायला कुठूनतरी शब्द मिळावे लागतात. मला ते या वेळी एका सोळा वर्षांच्या मुलीच्या पुस्तकातून मिळाले.

पुस्तकात सगळंच चांगलं आहे असंही नाही. खलीफाचं राज्य म्हणतात, पण मला तरी त्या शहरात अजान ऐकू आली नाही. महालात मद्याचे पेले मात्र जागोजागी. लेखिकेला वेश, दागिने, खाणं, वाळवंट यांची ओढ आहे, आपल्या रोजच्या दीनदारीची नाही. पहिल्या भागात पती-पत्नीमधले काही प्रसंग असे आहेत की त्यावर मला लेकीशी वेगळं बसून बोलावं लागलं. शहरजाद त्या रात्रींना सामोरी जाते ती मजबुरीने, आणि मजबुरीला होकार म्हणत नाहीत, हे तिला स्पष्ट सांगितलं. सोळा वर्षांच्या मुलीचा निकाह ही गोष्टीतली बाब. आपल्या देशात लग्नाला अठरा पूर्ण लागतात, आणि त्या वयात आमची मुलगी अकरावीचा प्रवेश अर्ज भरते आहे. दुसऱ्या भागाचा शेवटही घाईचा वाटला. देस्पिना ही दासी पार्थियाच्या सुलतानाची मुलगी निघते, लढाई येते, सगळे धागे पटापट आवळले जातात. तारिकचा दोस्त रहीम मारला जातो, तेव्हा इरसाइतकंच मलाही वाईट वाटलं. तो हसरा होता, कोणाच्या अध्यात-मध्यात नव्हता. शूरांच्या भांडणात असे रहीमच आधी जातात.

जहांदारचा भाग मात्र बापांनी वाचावा असा आहे. तो वाईट माणूस नाही. पुस्तकांत रमणारा, पुस्तकालय सांभाळणारा. मुलीला वाचवायचं म्हणून तो जादूचा एक ग्रंथ हाती घेतो. हळूहळू मुलगी मागे राहते आणि ग्रंथाची ताकदच त्याला हवीशी होते. तोंडाने मात्र तो शेवटपर्यंत म्हणत राहतो, हे सगळं मी मुलीसाठी करतोय. शेवटी त्याची किंमत त्याला चुकवावी लागते. आमचे हे गच्चीवर कूस बदलून म्हणाले, "हा मात्र ओळखीचा वाटतोय." कोणाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही.

आता अशा पुस्तकांची गर्दी आहे, आणि त्यांतली काही आपल्या घरांतून आलेल्या लेखिकांची आहेत. सबा ताहिर या पाकिस्तानी घराण्यातल्या, अमेरिकेत वाढलेल्या लेखिका. त्यांची 'अॅन एंबर इन द अॅशेस' ही मालिका २०१५ मध्ये सुरू झाली. हफ्सा फैजल निकाब घेतात. त्यांचं 'वी हंट द फ्लेम' २०१९ मध्ये आलं आणि त्याचा दुसरा भाग 'वी फ्री द स्टार्स' २०२१ मध्ये. त्यातली नायिका पुरुषी वेश करून शिकार करते आणि गावाला जगवते. इंग्रजी पुस्तकात आपल्या घरातले शब्द आणि नावं दिसली की माझी लेक ती मोठ्याने वाचून दाखवते. मी शाळेत असताना पाठ्यपुस्तकात एक मुस्लिम नाव आलं की वर्ग माझ्याकडे वळून बघायचा. तिच्या पुस्तकांत नायिकेचं नावच तिच्या वर्गातल्या मैत्रिणीसारखं असतं, आणि तिला त्यात विशेष काही वाटत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. आणि असंही वाटतं, की रे शहराची गोष्ट अमेरिकेतून येते, तर विजापूर वेशीतली, बेगम पेठेतली, नई जिंदगीतली मुलगी मराठी कादंबरीत कधी येणार? पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली याच सोलापुरात भरलं होतं. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. त्या संमेलनाच्या वेळी जन्मलेली मुलं आज पस्तिशीची आहेत. त्यांच्या मुलींसाठी कोणीतरी लिहायला हवं.

बहिणींनो, मुलगी एखाद्या पुस्तकात डोकं खुपसून बसली की ते हिसकावून घेण्याआधी पन्नास पानं वाचून पाहा. इंग्रजी जड जात असेल तर तिलाच सांगा, मला तुझ्या शब्दांत ऐकव. भाकऱ्या थापताना ऐकता येतं, टॉवेल शिवताना ऐकता येतं. ती काय सांगते आणि काय गाळते, यावरूनही बरंच कळतं. आणि पहिल्या भागावर थांबू नका. मुलगी प्रेमाबद्दल काय विचार करते ते पहिल्या भागात कळेल, पण कोणती वागणूक ती सहन करणार आणि कोणती नाही, हे बोलायची संधी दुसऱ्या भागात मिळते.

आमच्याकडे आता सासऱ्यांची जुनी उर्दू पुस्तकं ट्रंकेतून बाहेर निघाली आहेत. लेकीला उर्दू सावकाश वाचता येतं, मी जवळ बसून अडलेला शब्द सांगते. होशरुबाचा एकच खंड आहे, तोही मधला. पुढचा कुठे मिळेल याची चौकशी तिने सुरू केली आहे.